डोमाजीचा रेडा

"अवो, कुठं चालले?"

इंदूबाईने सदऱ्याचं टोक धरून डोमाजीला परत बाकावर बसवलं.

"पानी प्याले जातो."

"बाटली तुमच्या हातातच हाय."

डोमाजीने हातातल्या बाटलीकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच कुणीतरी आणून दिली होती. मघाशी तो लघवीचं निमित्त करून जिन्यापर्यंत जाऊन आला होता. त्याआधी दारव्ह्याची बस लागली का ते बघतो म्हणाला होता. बसस्टँड कुठच्या कुठे आणि दवाखाना माडीवर. आता निमित्तंही संपली होती. आतल्या खोलीतून मशीनचा बारीक चिरका आवाज आला आणि त्याने इंदूबाईचा हात धरला. समोर लोक बसले होते, तरी धरला.

यवतमाळच्या त्या दवाखान्यात आज डोमाजीचे वरचे समोरचे दोन दात निघायचे होते. दात हलत होते, हिरडीत पू झाला होता, त्यात रक्तात साखर. डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेलाच बजावलं होतं, की हे असेच ठेवले तर पू रक्तात उतरेल आणि काळजापर्यंत जाईल. आता पंच्याहत्तरीच्या माणसाचे दोन दात म्हणजे काही जहागीर नव्हे. त्याच्या गावात, बोरी अरबमध्ये, त्याच्या वयाच्या कितीतरी माणसांच्या तोंडात तेवढेही उरले नव्हते, आणि ते मजेत हिरड्यांनी भाकरी खात होते. पण डोमाजी सॅक्सोफोन वाजवायचा. त्याच्या तोंडात धरायच्या काळ्या माउथपीसवर वरचे दात घट्ट रोवावे लागतात, खालचा ओठ वेताच्या पातळ पत्तीखाली दुमडून घ्यावा लागतो, तेव्हा कुठे ते पितळेचं जनावर बोलायला लागतं. दात गेले की ते मुकं होणार. आणि ते मुकं झालं की आपलं काय होणार, हाच विचार डोमाजी आठ दिवसांपासून करत होता.

कारण डोमाजी जन्माचा भित्रा. कुत्र्याला भ्यायचा, विजेला भ्यायचा, खाकी कापडाला भ्यायचा. सुईला भ्यायचा हे तर सांगायलाच नको. मुलगा संघदीप लोहाऱ्याला कारखान्यात होता. त्याचा अवेळी फोन आला की डोमाजी भ्यायचा, आणि फोन आला नाही तर जास्तच भ्यायचा. गावात लोक हसायचे. डोमाजीला त्याचा राग येत नसे, कारण ते खरंच होतं.

पण रोज दिवस कलला की तो नदीकाठी जायचा आणि सॅक्सोफोन फुंकायचा. दिवसभर जमलेली भीती त्या नळीतून बाहेर पडायची. मग गडी हलका होऊन घरी यायचा, दोन भाकरी खायचा आणि लहान लेकरासारखा झोपायचा. ज्या दिवशी पावसापाण्याने जाणं चुकायचं, त्या दिवशी इंदूबाईची धडगत नसे. दाराची कडी लागली का, गॅस बंद आहे का, कोण खोकलं, असं करत हा माणूस रात्र जागून काढायचा आणि तिलाही जागवायचा.

"दात गेल्यावर मी काय करू वं?" त्याने हळूच विचारलं.

"कडी पाहात बसजा रातभर," इंदूबाई म्हणाली. म्हणाली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. तिने त्याच्या हातातली बाटली घेतली, झाकण उघडून दिलं. "घ्या. प्या आता. पानी प्याचं होतं न तुमाले?"

समोरच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. सुजलेल्या गालाला दुपट्टा बांधलेला, डोक्यावर पांढरा फेटा. दुपट्ट्याने तोंड आवळल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं, पण तो मघापासून डोमाजीकडे टक लावून बघत होता. हा कशाला बघतो म्हणून डोमाजी त्यालाही भ्याला.

आतून दवाखान्यातल्या पोरीने हाक मारली, "बाबूसिंग आजोबा, तुमचा नंबर यांच्यानंतर बरं का." फेट्याने मान हलवली.

सॅक्सोफोन डोमाजीच्या हाती आला तो दारव्ह्याच्या उस्मान मास्तरांमुळे. मास्तरांचा ब्रास बँड होता, आणि कामठीच्या पलटणीच्या बँडातून निकालात निघालेला एक सॅक्सोफोन त्यांनी कुठूनसा मिळवला होता. तो वाजवणारं कुणी मिळत नव्हतं. डोमाजीचा बाप वाजवण्याच्या नावानेच बिथरायचा. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि त्याच दिवशी पिढीजात डफडं त्याने चुलीत घातलं होतं. लोकांच्या दारात वाजवणं संपलं, असं त्याने सगळ्या वस्तीला सांगितलं होतं. मास्तर घरी आले तेव्हा बापाने फार वेळ विचार केला आणि शेवटी एकच अट घातली.

"बूट घालून वाजवन. अन् उभा राहून वाजवन. कोनापुढं वाकन नाई."

"बँड में कोई झुकता नहीं, भाऊ," मास्तर म्हणाले. "झुका तो बाजा बजता नहीं."

त्या दिवसांत यवतमाळच्या मिशनच्या बंगल्यात अमेरिकन साहेब राहायचे. त्यांतलं एक कुटुंब मायदेशी परत गेलं, तेव्हा मागे राहिलेल्या सामानातला ग्रामोफोनचा एक तवा तिथल्या खानसाम्याने आपल्या दोस्ताला, म्हणजे मास्तरांना, आणून दिला. तव्यावरचा कागद निघून गेला होता. कोण गातो, कोण वाजवतो, कळायला मार्ग नव्हता. खानसामा एवढंच म्हणाला, "इसको रॉक अँड रोल बोलते. बजानेवाला काला आदमी है."

मास्तरांनी चावी दिली. गाणं सुरू झालं, मग गाणारा मध्येच थांबला आणि सॅक्सोफोन सुटला. वाजवणारा नुसता फुंकत नव्हता, फुंकता फुंकता घशातून गुरगुरत होता. बँडातली माणसं हसायला लागली, कुणी मांडीवर ताल धरला. "मस्ती में है साला!" मास्तर खूश होऊन म्हणाले. डोमाजीच्या अंगावर मात्र काटा आला. त्याला वाटलं, हा माणूस मस्तीत नाही, हा भ्यालेला आहे. कशाला भ्याला असेल, कुणाला भ्याला असेल, ते डोमाजीला सांगता आलं नसतं. पण भ्यालेला आवाज त्याच्या रोजच्या ओळखीचा होता.

त्या तव्यावरचं सगळं तो शिकला. बोटं शिकला, उडत्या चाली शिकला. ती गुरगुर काही येईना. घशातून आवाज काढला की फुंक तुटायची, फुंक धरली की घसा बंद. मास्तर वैतागून म्हणायचे, "छोड दे बेटा, वो उसकी चीज है."

मग महागावची ती वरात आली. मोठ्या घरची वरात; पुढे बँड, दोन्ही बाजूंनी डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बाया, मागे घोड्यावर नवरदेव. डोमाजी रस्त्याच्या मधोमध उभा राहून वाजवत होता आणि कुणा उनाडाने पेटता सुतळी बॉम्ब नेमका त्याच्या पायाशी फेकला. मोठा बार झाला. डोमाजी भीतीने उताणा रस्त्यावर पडला. सॅक्सोफोन तोंडातच होता, दात माउथपीसवर रुतलेले, त्यामुळे किंचाळायला जागाच नव्हती. सगळी किंचाळी त्या नळीतून बाहेर आली. असा आवाज महागावात कुणी ऐकला नव्हता. खाटकाच्या दारात दोर तोडून सुटलेला रेडा ओरडावा, तसा तो आवाज होता. घोडं बुजलं. नवरदेवाचा मामा फेटा सावरत मागे सरला.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा खेळच आहे. लोक शिट्ट्या मारायला लागले, नाचायला लागले, "पुन्ना! पुन्ना!" म्हणून ओरडायला लागले, आणि डोमाजी रस्त्यावर पडल्या पडल्या वाजवतच राहिला, कारण थांबलं आणि उठलं तर आणखी एक बॉम्ब पडेल अशी त्याला खात्री होती. वरात संपल्यावर मास्तरांनी त्याच्या अंगावरची धूळ झटकली. ते एकटेच समजले होते. "अब हर बारात में गिरना पड़ेगा, बेटा," ते म्हणाले.

तसंच झालं. पुसद, दिग्रस, उमरखेड, तांडे, खेडी, कुठेही बँड गेला की माणसं ओरडायची, "रेडा सोडा!" लग्नाच्या तारखा डोमाजीला विचारून ठरायला लागल्या. कुणी त्याच्या गुरगुरीला मस्ती म्हणालं, कुणी जवानी म्हणालं. बापाच्या कानावर गेलं तेव्हा बाप दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आमी छप्पनले उठून उभे राह्यलो, अन् तू त्याईच्या वरातीत रस्त्यावर आडवा पडून राह्यला?"

डोमाजी रडायला आला. "बा, मी खेळ करून नाई राह्यलो. मले भेव लागते. भेवानं पडतो मी."

बापाने त्याला जवळ बसवलं. मग म्हणाला, "भेवानं पडत असशीन तं पड. लोकायले खूश कराले पडू नको."

डोमाजीने तो शब्द शेवटपर्यंत पाळला. त्यात त्याला कधी अडचण आली नाही. फटाका नाही अशी वरातच त्याच्या वाट्याला आली नाही. डोमाजीच्या हिशोबाने हे गुपित बाप आणि मास्तर या दोघांनाच ठाऊक होतं. दोघेही कधीच गेले. मग डीजे आले, बँड मोडला, मास्तरांच्या मुलाने पितळी वाद्यं विकून टाकली, पण तो सॅक्सोफोन मास्तर मरायच्या आधीच डोमाजीला देऊन गेले होते.

"आजोबा, या."

डॉक्टरीणबाई, उर्वशी त्यांचं नाव, वयाने त्याच्या नातीएवढ्या. खुर्ची आडवी होणारी. डोमाजी तिच्या कडेला टेकला आणि तसाच बसून राहिला.

"बाई, एक इचारू? दात काढल्यावर मले फुकता येईन का?"

"काय फुंकता?"

"सॅक्सोफोन फुकते ते," इंदूबाई म्हणाली.

उर्वशीबाईंनी मास्क खाली केला. खोटं सांगणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "कवळी बसवून देईन मी. पण कवळीवर जोर दिला की ती हलते. थोडं थोडं जमेलही. पहिल्यासारखं नाही जमणार, आजोबा."

डोमाजी उठला. या वेळी त्याने निमित्तही सांगितलं नाही. सरळ दारापर्यंत गेला.

"मी नाई काढत. पू जाऊ दे कुठं जाचा तं."

इंदूबाई दारात आडवी उभी राहिली. ती काही अंगापिंडाने मोठी बाई नव्हती.

"कायले चालले?"

"तुले नाई समजाचं ते."

"मले नाई समजाचं?" तिचा आवाज एकदम चढला. "महागावच्या वरातीत बॉम्ब फुटला तवा तुमच्या बाजूले गॅसबत्ती कोनाच्या डोक्यावर होती? माही माय तापानं पडली होती म्हून तिच्या जागी मी गेलती. लोक नाचून राह्यले होते अन् मी तुमचे डोये पाहून राह्यली होती. उजेड तं माह्याच डोक्यावर होता न! मले वाटलं, पोरगा मरते आता भेवानं."

डोमाजी तिच्याकडे बघत राहिला. संसाराला पन्नासच्या वर वर्षं झाली होती आणि हे त्याला आज कळत होतं.

"तुले तवापासून ठाऊक हाय?"

"मंग? माह्या बापानं तुमचं स्थळ आनलं तवा बाया म्हनल्या, बँडवाला हाय, लय मस्तीखोर हाय, रस्त्यावर लोळते. म्या म्हनलं, नाई. भित्रा हाय. दारू पिऊन मारनार नाई मले." तिने नाक ओढलं, पदराने डोळे पुसले. "पू रक्तात उतरून तुमी गेले तं मले भेव नाई लागनार का? तुमाले भेव लागलं तं तुमच्यापाशी बाजा होता. माह्यापाशी काय हाय?"

इतकी वर्षं भीती फक्त आपल्यालाच वाटते असं धरून चाललेला माणूस होता तो. तो मुकाट्याने मागे फिरला आणि खुर्चीवर आडवा झाला.

उर्वशीबाईंनी वरचा दिवा ओढून त्याच्या तोंडावर आणला. तो उजेड डोळ्यांत गेला आणि डोमाजीने डोळे गच्च मिटले. हात इंदूबाईच्या हातात होता. सुई टोचली, ओठ जड झाला, नाक जड झालं, जीभ कुणा दुसऱ्याची वाटायला लागली. पहिला दात सहज आला. दुसरा वरून हलत होता, पण त्याचं मूळ घट्ट होतं. पक्कड लागली, हाडातून करकर ऐकू आली, आणि डोमाजीच्या घशातून आवाज निघाला.

सुरुवातीला तो बारीक होता. मग छातीतून वर चढला, तोंड उघडंच होतं त्यातून सुटला आणि खोलीभर घुमला. सॅक्सोफोन नव्हता, एक दात गेला होता, ओठ बधिर होते. तरी आवाज तोच होता, वरातीतला. काचेच्या कपाटातली हत्यारं थरथरली असं इंदूबाई पुढे कित्येक दिवस सांगत होती. ते काही खरं नसावं. पण उर्वशीबाईंचा हात थांबला होता हे खरं.

"आजोबा, दुखतंय का? आणखी एक सुई देऊ?"

डोमाजीने मानेनेच नाही म्हटलं. दुखत नव्हतं. भीती वाटत होती, आणि त्या भीतीला त्याला थांबवता येत नव्हतं.

धाडकन दार उघडलं. बाबूसिंग आत आला होता. गालावरचा दुपट्टा त्याने सोडून हातात घेतला होता आणि सुजलेल्या तोंडाने तो ओरडत होता, "रेडा! बोरीचा रेडा हाय हा! मघापासून पाहून राह्यलो, कुठं तरी पाह्यला वाटे. माह्या लगनात आलता हा! रस्त्यावर पडून वाजवलं होतं यानं! डॉक्टरबाई, तुमाले ठाऊक हाय का हा कोन हाय?"

"बाबा, बाहेर थांबा आधी," उर्वशीबाई म्हणाल्या. पण त्यांनी त्याला ढकललं नाही.

दात निघाला. गुरगुर हळूहळू खाली उतरली आणि थांबली. बँडात गत संपली की टोपीला दोन बोटं लावायची असा मास्तरांचा शिरस्ता होता. डोमाजीने आडव्या आडव्याच हात उचलला आणि टोपी नसलेल्या कपाळाला दोन बोटं लावली. बाबूसिंगने दोन्ही हात जोडले. मग पुढचा नंबर आपलाच आहे हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो लगबगीने बाहेर जाऊन बसला.

बोरी अरबला पोचेपर्यंत दिवस कलला होता. नदीवर जायची वेळ झाली तशी डोमाजीने सवयीने खुंटीवरची पिशवी काढली. पिशवी मांडीवर घेऊन तो खाटेवर बसला आणि मग उठलाच नाही. तोंडात कापूस दाबलेला होता. बधिरपणा उतरत होता आणि दोन दातांच्या जागी जीभ पुन्हा पुन्हा जात होती. तेवढ्यात लाइट गेली.

"इंदे," त्याने कापसातून हाक मारली. अंधार पडला की तो हाक मारायचाच.

"हाय न मी इथंच." इंदूबाईने मोबाइलची बत्ती लावली. "काय पाह्यजे?"

"माउथपीस."

त्याने पिशवीतून माउथपीस काढला. काळा, झिजून गुळगुळीत झालेला. वरच्या बाजूला दोन खाचा होत्या, शेजारी शेजारी. त्या कुणी पाडल्या नव्हत्या. आयुष्यभर दोन दात तिथेच टेकत आले होते, तेवढ्यानेच त्या पडल्या होत्या. डोमाजीने खिशातून दवाखान्याची कागदी पुडी काढली. आपले दात त्याने मागून घेतले होते. डॉक्टरीणबाईंना ते विचित्र वाटलं, पण त्यांनी धुऊन दिले होते.

त्याने पुडी उलगडली. "दिसत नाई. उजेड धर वरून."

इंदूबाई उभी राहिली आणि तिने हात उंच करून बत्ती धरली. डोमाजीने एक दात एका खाचेत ठेवला, दुसरा दुसऱ्या खाचेत. दोन्ही जिथल्या तिथे बसले. हाताने धरावंही लागलं नाही.

बाहेर कुणाच्या तरी लग्नाचा डीजे जनरेटरवर सुरू झाला, खिडकीची तावदानं धडधडायला लागली, आणि लांब कुठेतरी फटाक्यांची माळ फुटली. डोमाजी दचकला. दात खाचेतून हलले नाहीत. त्याने मान वर करून पाहिलं.

"हात दुखून येईन तुहा," तो म्हणाला.

"डोक्शावर घेऊ का?" इंदूबाई म्हणाली.

तिने खरंच फोन डोक्यावर ठेवला, एका हाताने सावरला, आणि मान ताठ करून लाइट येईपर्यंत त्याच्या बाजूला उभी राहिली.